कुळ विचारलं तर काय सांगाल?



आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ४, खंड ४

जानश्रुती राजा आणि गाडीखाली बसलेला रैक्व, ही गोष्ट काल संपली. त्याच अध्यायात आज पुढे येतो सत्यकाम. ही कथा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत किंवा कीर्तनात ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचंय. तिथे गोत्र विचारणार, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो आईला, जबालेला, विचारतो की आपलं गोत्र कोणतं. ती म्हणते, मला माहीत नाही. तरुणपणी ती खूप ठिकाणी सेवा-चाकरी करत हिंडली, त्या दिवसांत हा मुलगा झाला. ती त्याला सांगते की माझं नाव जबाला आणि तुझं सत्यकाम, तेव्हा स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव. मुलगा हारिद्रुमत गौतमांकडे जातो. ते गोत्र विचारतात. आईने जे सांगितलं ते तो जसंच्या तसं सांगतो. काही लपवत नाही, काही सजवत नाही. गौतम त्याला समिधा आणायला सांगतात आणि त्याचं उपनयन करतात, कारण हा मुलगा सत्य सोडून गेला नाही.

अवघ्या पाच मंत्रांचा खंड. पण यंदा मी याच्यापाशी जास्त थांबलो, कारण आमच्या घरात सध्या हाच प्रश्न चालू आहे. फक्त आमच्याकडे गोत्र विचारणारे गौतम नाहीत, एक प्लास्टिकची नळी आहे. तिच्यात थुंकायचं, झाकण लावायचं, कुरिअरने पाठवायचं. काही आठवड्यांनी तुमचं कुळ मोबाइलवर येतं.

नळ्या मागवल्या माझ्या चुलत भावाने, दादाने. तो पुण्यात नोकरीला असतो. आमचं मूळ घर नांदेड जिल्ह्यात, कंधार तालुक्यात. मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो : सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून आमच्याकडे 'वंशावळ' हा रोजच्या बोलण्यातला शब्द झालाय. तहसीलच्या बाहेर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तोच विषय. कुणाच्या घरी मोडीतला कागद निघतो, कुणाच्या घरी उर्दूतला, आणि वाचणारा माणूस शोधत लोक फिरतात. या नोंदींमागे शिक्षणाचा, नोकरीचा, हक्काचा प्रश्न आहे आणि तो ज्याचा त्याला कळतो. त्या वादावर मी इथे लिहीत नाहीये. मला एवढंच सांगायचंय की या लाटेत प्रत्येक घराने आपापली पत्र्याची पेटी उघडली, तशी आमच्याही घराने उघडली.

पेटीत नऊ पिढ्यांची वंशावळ निघाली. मधेच एका नावापुढे कुणीतरी बारीक अक्षरात 'द.' लिहिलंय. द म्हणजे दत्तक. ते आमचे पणजोबा. उदगीरकडच्या एका घरातून ते आमच्या घरात दत्तक आले होते. म्हाताऱ्या माणसांना हे माहीत होतं, आमच्या पिढीपर्यंत कुणी बोललं नव्हतं.

दादाला धक्का बसला. त्याने लहानपणापासून ऐकलं होतं की आपलं घराणं अमुक सरदाराच्या वंशातलं. ते सिद्ध करायला म्हणून तर त्याने नळ्या मागवल्या होत्या. आता त्याचा प्रश्न असा, "म्हणजे या आडनावाचे आपण खोटेच की रे?"

हा प्रश्न नीट घ्यायला हवा. तो एकट्या दादाचा नाही.

आधी ही चाचणी काय सांगते ते पाहू. पुरुषांमध्ये वाय गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जवळपास न बदलता जातं. आपल्याकडे आडनावही असंच चालत येतं, म्हणून आडनाव शोधणारे वाय गुणसूत्र तपासतात. दुसरा असतो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. तो आईकडून मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे जातो फक्त मुलीकडून. उरलेला डीएनए दोन्हीकडचा, प्रत्येक पिढीत पत्ते पिसल्यासारखा मिसळलेला.

आता हिशोब करा. आपल्याला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागे आठ. दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एका पिढीत पूर्वजांच्या जागा होतात १,०२४. वाय गुणसूत्राची रेषा त्यांतल्या फक्त एका माणसापर्यंत जाते, आईकडची रेषा फक्त एका बाईपर्यंत. बाकीचे १,०२२ जण? तेही तितकेच आपले. त्यांतलं कुणी वेळेवर जेवलं नसतं, कुणी पटकीत गेलं असतं, तर आज आपण इथे वाचत बसलो नसतो. आणि आपण छाती पुढे काढून ज्याचं नाव सांगतो, तो त्या हजारातला एक.

आडनावाचंही तसंच. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे हे मुळात हुद्दे. 'कर' लागला की गाव. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या नावात हुद्दाही आहे आणि गावही आहे. पवार, जाधव, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, आणखी कितीतरी समाजांत आहेत. एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे, असं धरून चाललो तर पहिल्याच वळणावर चुकायला होतं.

आणि शुद्ध रक्ताचं म्हणाल, तर हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशातले सहकारी यांचे २००९ आणि २०१३ चे अभ्यास बघा. भारतातले जवळपास सगळे समाज फार जुन्या दोन मोठ्या वंशधारांच्या मिश्रणातून झालेत, आणि ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, असं त्यांना आढळलं. त्यानंतर आपण आपापल्या जातीत लग्नं करत बसलो. म्हणजे कुंपणं नंतरची आहेत, आधी रान एकच होतं.

इथपर्यंत विज्ञान. आता दादाचा प्रश्न. दत्तक म्हणजे खोटं का?

महाराष्ट्राचा इतिहास काय सांगतो पाहा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकरी घरातले गोपाळराव. १८७५ मध्ये ते दत्तक गेले आणि राजे झाले. कोल्हापूरचे शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १८८४ मध्ये ते छत्रपतींच्या गादीवर दत्तक आले. नळी पुढे केली असती तर वाय गुणसूत्राने शाहू महाराजांना त्यांच्या गादीशी जुळवून दाखवलं नसतं. पण बडोदा म्हटलं की आपल्याला सयाजीरावच आठवतात, आणि शिवछत्रपतींच्या नावाला साजेसं राज्य कुणी केलं म्हणाल तर शाहूंचं नाव पहिलं निघतं. जन्माने हक्काचा असलेला राजा आणि दिलेला राजा यांत प्रजेने फरक केला नाही, कारण त्यांनी ते घर स्वतःचं मानून चालवलं.

यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. दत्तक हा शब्द 'दत्त' वरून आला. दत्त म्हणजे दिलेला. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या शिखरावर जो देव बसलाय त्याचं नावच ते आहे. अत्री ऋषींना पुत्र हवा होता. भगवंताने स्वतःला त्यांना देऊन टाकलं, म्हणून तो दत्त, आणि अत्रींचा म्हणून आत्रेय. आपल्या भागातलं एवढं मोठं दैवत, आणि त्याच्या नावातच 'दिलेला' आहे. आपण दर गुरुवारी त्याच्यापुढे हात जोडतो आणि घरातल्या 'द.' या अक्षरावर बोट ठेवून लाजतो, हे काही बरोबर नाही.

म्हणून दादाला मी म्हटलं, "पणजोबांना दत्तविधान करून घरात घेतलं. त्यांनी त्याच नावाने श्राद्धं केली, त्याच जमिनीसाठी उन्हात राबले, त्याच घरातल्या म्हाताऱ्यांची उस्तवार केली. त्यांना कुळ मिळालं आणि त्यांनी ते निभावलं. यात खोटं काय आहे?"

दादा म्हणाला, "मग चाचणी करायला काय हरकत आहे? सत्य ते सत्य. तूच रोज सत्यकाम सांगतोस की."

मंडळी, हा मुद्दा खरा आहे, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. सत्याला भिऊन भक्ती होत नाही. म्हणून मी पुन्हा खंड उघडला आणि या वेळी जबालेकडे बघत वाचला.

जुन्या भाष्यकारांना जबालेचं उत्तर थोडं अवघड गेलंय. शंकराचार्यांच्या भाष्यात त्याचा अर्थ असा लावलाय की पतीच्या घरी पाहुण्यांची सेवा करण्यात ती गुंतलेली असायची, त्यामुळे गोत्र विचारायचं राहून गेलं. आजचे बरेच वाचक तिचे शब्द सरळ घेतात. गौतमांच्या बोलण्याचेही दोन अर्थ होतात. एवढं सरळ बोलतो म्हणजे हा जन्माने ब्राह्मणच असणार, असा एक. आणि एवढं सरळ बोलतो, बस्स, हेच ब्राह्मणपण, असा दुसरा. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. वज्रसूचिका उपनिषद तर जन्मावरून ब्राह्मण ठरतो ही गोष्टच नाकारतं आणि वाल्मीकी, व्यास, वसिष्ठ, अगस्त्य अशा ऋषींचे जन्म समोर ठेवतं. पण कुठलाही अर्थ घ्या, एक गोष्ट बदलत नाही : सत्य जबालेने स्वतः सांगितलं. ते तिचं होतं, तिने मुलाला दिलं. कुणी तिच्या नकळत तिच्या आयुष्याची तपासणी केली नाही. आणि मुलाने ते सांगितलं ते स्वतःबद्दल विचारलं तेव्हा, दुसऱ्याला उघडं पाडायला नव्हे.

हे मला आमच्या आत्याने जास्त नीट समजावलं. आत्या लातूरला असते, वय ७८. नळ्यांचं कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "कशाला उकरायलास रे लेकरा? थुंकी तुमची हाय, पर गोष्ट समद्यांची हाय त्यात."

विज्ञानही हेच म्हणतं. माझा डीएनए एकट्या माझा नसतो. माझी चाचणी झाली की माझ्या भावाची, चुलत बहिणीची, आत्याची बरीचशी माहिती आपोआप बाहेर येते, त्यांनी नळी हातात धरली नसली तरी. ट्वेंटी थ्री अँड मी या अमेरिकन कंपनीचं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये तिच्याकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गंमत म्हणून थुंकलेल्या लोकांना मग आपली माहिती कुणाच्या हातात जाणार याची काळजी करत बसावं लागलं. पासवर्ड बदलता येतो, रक्त बदलता येत नाही.

आणि प्रत्येक घरात 'द.' लिहून ठेवलेलं असतंच असं नाही. काही गोष्टी कुणा बाईने एकटीने गिळलेल्या असतात. दुष्काळात, रझाकारांच्या धामधुमीत, वाड्यावरच्या चाकरीत काय काय घडलं, ते तिचं तिला ठाऊक. चाचणीत न जुळलेली एक ओळ येते आणि आपण आरामखुर्चीत बसून तिच्यावर निकाल देतो. ती उत्तर द्यायला नसते. जबालेला निदान बोलता तरी आलं. सत्य हवं, पण ज्याने ते भोगलं त्याचा मान ठेवून हवं. यमांमध्ये सत्याच्या आधी अहिंसा येते, ती उगाच नाही.

याचा अर्थ रक्ताला काही विचारूच नये, असा नाही. आपल्या नांदेड-लातूर भागात आर्य वैश्य, म्हणजे कोमटी समाजाची पुष्कळ घरं आहेत. या समाजात शतकानुशतकं आपसांतच लग्नं झाल्याने एक विशिष्ट एन्झाइम शरीरात कमी असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त आहे. एरवी त्याचा काही त्रास नाही. पण ऑपरेशनच्या वेळी भूल देताना स्नायू सैल करणारं एक औषध वापरतात, ते अशा माणसाच्या शरीरातून लवकर उतरत नाही आणि श्वास बराच वेळ बंद राहू शकतो. हे माहीत असलं की डॉक्टर दुसरं औषध निवडतात. इथे रक्ताला विचारलेला प्रश्न जीव वाचवतो. हा प्रश्न 'मी किती मोठा' असा नाही, 'माझ्या माणसाला काय जपायला हवं' असा आहे. फरक लक्षात येतोय ना?

महाराष्ट्रातच एक समाज आहे ज्याच्या कुळाची खरोखर प्रयोगशाळेत तपासणी झाली : कोकणातले बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली, धंदा तेल गाळायचा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. इस्राएलला गेल्यावर १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी लावली. त्यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळवून घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही धारा आढळल्या. म्हणजे परंपरेत तथ्य होतं आणि या मातीशी सोयरीकही झाली होती. पण मला विचाराल तर त्यांचं कुळ कशाने टिकलं? कुणी प्रमाणपत्र देत नसतानाही दर शनिवारी बंद राहिलेल्या त्या घाण्याने.

आपल्या मराठवाड्यात तरी दुसरं काय घडलंय? संन्याशाची पोरं म्हणून हिणवलेली चार भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला आली, असं परंपरा सांगते. त्यांच्याकडे कुळाचा दाखला मागणाऱ्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत, आणि ज्ञानोबा माउली प्रत्येक वारकऱ्याचे मायबाप होऊन बसलेत. पुढे १७०८ मध्ये, गोदावरीकाठी नांदेडला, गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. त्यांचे चारही पुत्र आधीच बळी गेले होते. त्यांनी गुरुपद कुठल्याही माणसाकडे दिलं नाही, ग्रंथसाहिबाकडे दिलं. माझं शिक्षण नांदेडला झालं. सचखंड साहिबच्या लंगरमध्ये पंगतीला बसताना कुणी आडनाव विचारत नाही हे मी कितीदा बघितलंय. आज वाटतं, रक्ताकडून शब्दाकडे गेलेलं कुळ आपल्याच गावात होतं.

आता शेवटची एक गोष्ट, जी या सगळ्या खटाटोपात मला मिळाली. आमच्या नऊ पिढ्यांच्या वंशावळीत एकाही बाईचं नाव नाही. बाप, मुलगा, नातू, अशी सरळ शिडी. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्येही आपण बहुतेक पुरुषांचीच नावं शोधतो. आणि सत्यकाम? त्याने आयुष्यभर आईचं नाव लावलं. पुढे तो स्वतः आचार्य झाला, उपकोसलासारखे शिष्य त्याच्याकडे राहिले, तेव्हाही तो जाबालच होता. चाचणीतली ती आईकडची बारीक रेषा निदान एवढं तरी आठवण करून देते की प्रत्येक पिढीत एक जबाला होती.

मी लातूरला जाऊन आत्याकडून नावं लिहून घेतली. आजीचं, पणजीचं, आणि उदगीरकडच्या त्या माउलीचं, जिने आपला मुलगा दुसऱ्याच्या ओटीत घातला. चौथं नाव आत्याला आठवलं नाही. बाकी काही मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. नावं वंशावळीत लिहिली, 'द.' ठळक केला.

दादाला मी अडवलेलं नाही. एवढंच म्हटलं की आत्या हयात आहे तोवर तिच्या मनाविरुद्ध नको, आणि जेव्हा करशील तेव्हा निकाल काहीही आला तरी जेवणाच्या पंगतीत मोठ्याने सांगता येईल एवढी तयारी करून कर. सरदार निघाला तर मिरवायचं आणि सालगडी निघाला तर दडवायचं, असं असेल तर ती चाचणी सत्याची नाही, अहंकाराची आहे. नळ्या अजून त्याच्या कपाटात आहेत. तो विचार करतोय.

आजचं मनन :
१. माझ्या कुळाबद्दल मी जे अभिमानाने सांगतो, त्यातलं माझ्या वागण्यात काय उतरलंय?
२. घरातल्या कुठल्या माणसाला आपण 'दिलेला' किंवा 'बाहेरचा' म्हणून मनातून थोडं लांब ठेवलंय? सून, जावई, सावत्र, दत्तक, कुणीही.
३. आईच्या आईचं, तिच्या आईचं नाव मला माहीत आहे का? नसेल तर आज घरी फोन करून विचारा. अजून सांगणारं कुणी आहे तोवर विचारा.

उद्याचं वाचन : खंड ५. गौतमांनी दिलेल्या ४०० रोड गाई घेऊन सत्यकाम रानात जातो, त्यांच्या हजार होतात, आणि त्याला पहिला उपदेश करतो तो कळपातला बैल. त्या बैलाने गोत्र विचारलं नाही.

॥ जय हरी विठ्ठल ॥